ताटं बडवणारे आणि केरबा

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका संस्थानात एक विद्यापीठ होतं. तिथल्या भोजनगृहात एक वाईट रीत होती. जेवताना कोणी चुकीचं इंग्रजी बोललं, की बाकीचे ताटं बडवत. त्यामुळे सगळे इंग्रजी पुस्तकं पाठ करत आणि तोंड मिटून जेवत. याला तिथे शिस्त म्हणत.

केरबा नावाच्या विद्यार्थ्याला मात्र संस्थानच्या दवाखान्यात दुभाष्या व्हायचं होतं. डॉक्टर इंग्रज होते. त्यांना दुखणं सांगता आलं नाही म्हणून केरबाची आई भलतंच औषध घेऊन परतली होती आणि महिनाभर अंथरुणाला खिळली होती.

केरबा रोज जेवताना इंग्रजी बोलायचा. ताटं वाजायची.

"साहेब आले. यांना आमटी काट्याने वाढा," पाठांतरात पहिला येणारा रंगनाथ म्हणायचा.

"साहेब नंतर होईन. आधी सांग, बरोबर कसं म्हणायचं?"

रंगनाथ सांगायचा. केरबा ते वाक्य लगेच म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाशी बोलताना वापरायचा. सर्वांत जोरात ताट बडवणाऱ्यांना विचारलं, की ते खाली मान घालून जेवू लागत. त्यांनाही येत नव्हतं.

पुढे दुभाष्याची जागा निघाली. रंगनाथ आणि केरबा दोघेही गेले. डॉक्टरांनी प्रश्नपत्रिका काढलीच नाही. बाहेर बाकावर बसलेल्या एका आजींना आत बोलावलं.

"पोटात भडका उठतोय बाबा, पार घशापर्यंत येतोय," आजी म्हणाल्या.

रंगनाथने आठवून पाहिलं. पाठ केलेल्या एकाही धड्यात हे नव्हतं. चूक होईल या भीतीने तो गप्प उभा राहिला. आजी पोट धरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

केरबा पुढे झाला. "आजी, जेवल्यावर होतं, की उपाशीपोटी?"

"उपाशीपोटी रे."

त्याने तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांना कळलं नाही. केरबाने सोपे शब्द घेऊन पुन्हा सांगितलं, पोटापासून घशापर्यंत हात फिरवून दाखवला. डॉक्टरांनी त्याचं वाक्य दुरुस्त केलं. केरबाने ते दुरुस्त वाक्य न अडखळता म्हटलं.

डॉक्टरांनी आजींना औषध दिलं आणि केरबाला म्हणाले, "पुढच्या रुग्णाला बोलव."

तात्पर्य: भाषा नुसती पाठ करून येत नाही. चुकत बोला, चूक विचारून घ्या, सुधारून पुन्हा बोला. आणि लाज वाटायचीच असेल, तर ती शिकणाऱ्याला हसणाऱ्यांना वाटू द्या.