बिल्ल्यावरची भोकं

माणसं नुकतीच चंद्राकडे जाऊ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. यानातले प्रवासी छातीवर मोहिमेचा बिल्ला लावत आणि त्याच्या काठावर सगळ्यांची आडनावं भरलेली असत. ती भरणाऱ्या सुईला मोठा तोरा होता, की आपला टाका कधी उसवावा लागला नाही.

उड्डाणाला चार तास उरले असताना निरोप आला. देवस्थळीबाई तापाने फणफणल्या होत्या, त्यांच्या जागी बारटक्के जाणार होत्या. कात्रीने जुनं नाव उसवलं. सुईने घाईघाईने नवं भरलं, पण ते आखूड पडलं आणि शेजारी निळ्या कापडावर भोकांची रांग उघडी राहिली.

"इथे चांदणी भरते. कुणाला कळणारही नाही," सुई म्हणाली.

"राहू दे," कापड म्हणालं.

"लोक म्हणतील, सुई चुकली."

"भोकं तूच पाडलीस ना? तेव्हा नाही लाजलीस."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. सुईने सोनेरी दोरा ओवून टोक कापडात खुपसलं, तेवढ्यात बारटक्के बिल्ला न्यायला आल्या. हातमोजा काढून त्यांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं.

"तीन वर्षं घाम गाळला देवस्थळीबाईंनी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एवढी जागा त्यांची राहू दे."

सुई टाका न घालताच मागे सरली.

पुढे टाक्यांचं कौतुक झालं, की ती गप्प बसायची. त्या भोकांचा विषय निघाला, की मात्र सांगायची, "ती माझी आहेत."