मनगटावरचा चंद्र

कोजागिरीचं आटीव दूध गच्चीवर तयार होतं, पण चंद्रच ढगाआड दडला होता. दुधात चंद्र उतरल्याशिवाय पेले भरायचे नाहीत, हा द्वारकाकाकूंचा दंडक.

सोसायटीचे चेअरमन रणदिवे वैतागले. "भरा पेले, मी सांगतो! फेब्रुवारीची एकोणतीससुद्धा माझ्या घड्याळाला सांगावी लागत नाही. आणि हा बघा त्यातला चंद्र, पूर्ण गोल. वरच्याची वाट कशाला बघायची?"

तबकडीवरच्या निळ्या आभाळातला तो इवलासा सोन्याचा चंद्र काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"सुरेख आहे हो!" असं म्हणत त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. "उतरवा दुधात."

रणदिवेंनी झटकन हात मागे घेतला. सगळी गच्ची हसली.

तेवढ्यात ढग सरला आणि पातेल्यात, जराही न भिजता, चंद्र उतरला.