त्रिंबकपंतांचा परवाना

पिंपळपेठेत त्रिंबकपंत नावाचे एक मोजणीदार राहत. चाळीस वर्षे त्यांनी राजाच्या जमिनी साखळीने मोजल्या होत्या. म्हातारपणी काम सुटले, पण लोक येतच राहिले. कुणाला बाग हवी असे, कुणाला गाळे बांधून भाड्याने द्यायला जागा. पंत ती शोधून देत आणि मिळेल ती दक्षिणा घेत.

त्या राज्यात असे काम करणाऱ्याला कचेरीतून परवाना घ्यावा लागे. त्यासाठी स्वतःचे घर तारण लिहून द्यायचे, आणि जागा ठरली की त्या गावात दवंडी पिटून हरकती मागवायच्या. पंत एकदा कचेरीत गेलेही होते. कारकुनाने विचारले, "तुम्ही चुकलात तर भरपाई कुठून द्याल?" पंतांना ते फार लागले. जिथले निम्मे नकाशे आपल्या हातचे, तिथे आपल्याला हे विचारावे? ते अर्ज न भरताच घरी आले.

एके दिवशी भागूबाई कासारीण आली. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन तिने गावोगाव बांगड्या विकल्या होत्या. "पंत, गुडघे आता पाटीचं ऐकत नाहीत," ती म्हणाली. "चार गाळे बांधीन, भाड्यावर पोट भरीन. जागा तेवढी बघा."

पंतांनी शेजारच्या गावी वेशीबाहेर एक जागा शोधली. स्वतः मोजली. कागद चोख, हद्दी चोख. दवंडीचे काय, असे भागूबाईने भीतभीत विचारले.

"मी मोजलेल्या जमिनीला दवंडी लागत नाही," पंत हसून म्हणाले.

भागूबाईने सारी पुंजी ओतली. पोळ्याच्या आत गाळे उभे राहिले.

पोळ्याला दोघे गाळ्यांना तोरण बांधत होते. इतक्यात वेशीतून ढोल वाजत आला. झुली पांघरलेले, शिंगे रंगवलेले बैल ओळीने निघाले, आणि गाळ्यांच्या भिंतीपाशी येऊन थांबले. मागचे बैल पुढच्यांवर आले. ढोल बंद पडला.

"पंत, ही आमच्या बैलांची वाट," गावचे पाटील म्हणाले. "पणज्यापासून पोळा इथूनच मारुतीला जातो. वर्षातून एकदाच, पण जातो. दवंडी पिटली असती तर शेंबडं पोरही बोललं असतं."

पंतांच्या हातातले तोरण गळून पडले. वर्षभर तिथे नुसते गवत असे. साखळीला ही वाट दिसलीच नव्हती.

पंचांनी गाळे पाडायला लावले. जागा विकणारा केव्हाच मुलूख सोडून गेला होता. भागूबाईने भरपाई मागितली तेव्हा पंच म्हणाले, मध्यस्थ परवान्याचा असता तर त्याच्या तारणातून मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी भागूबाईने पुन्हा पाटी उचलली. तिने शिव्या दिल्या असत्या तर पंतांना बरे वाटले असते.

पंत कचेरीत गेले. तोच कारकून समोर होता. परवाना हवा का, असे त्याने विचारले.

"त्याची वेळ गेली," पंत म्हणाले. "माझ्या घराचे रस्त्याकडचे दोन खण भागूबाईच्या नावावर लिही. एकात ती बांगड्या घेऊन बसेल, एक भाड्याने देईल."

कारकुनाने कागद लिहिला, आणि पंतांनी त्यावर सही केली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या पुंजीसाठी जागा शोधणाऱ्याने आधी रीतसर परवाना घ्यावा. चूक जाणकाराचीही होते, आणि त्या चुकीपासून विश्वास टाकणाऱ्याला नियमच सांभाळतो.