आढ्यावरची गादी

भर दरबारात उदाजीराव महाराजांच्या नाकावर टपकन थेंब पडला!

पहिला थेंब महाराजांनी घाम समजून पुसला. दुसरा कारभारी त्र्यंबकपंतांनी शुभशकुन ठरवला. तिसरा मात्र थेट महाराजांच्या तोंडात गेला, तेव्हा ते गरजले, "अरे, वळवाच्या दोन सरींत छप्पर गळतंय! ज्याच्या हातचं छप्पर गळेल, तो कोठडीत!"

धारेगडच्या त्या दरबार महालाचं छप्पर महाराजांच्या पणजोबांनी घातलेलं. अख्ख्या गावावर लाल कौलं, आणि इथे मात्र शाळेच्या पाटीसारखा काळा दगड! त्याच्या पातळ फरश्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या. आढ्यावर आणि पन्हळीत शिशाचे पत्रे. या छपराची निगा राखणारा कारागीर एकच, लखबा. बिचारा घरी भाकरी खात होता. हाताची चटणीसुद्धा धुऊ न देता त्याला उचलून आत टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याची लेक येसू दरबारात उभी! अंगाने काडी, तोंडाने तोफ.

"सरकार, माझ्या बाला सोडा. बारा वर्षांत तुम्ही त्याला छपरावर एकदा तरी चढू दिलंय का?"

"चढू देऊ? गादीच्या वर कुणाचा पाय पडता कामा नये, असा आमचा हुकूम आहे!"

"मग गादी आठ दिवस बाहेर ओसरीवर ठेवा."

"गादी खाली उतरली की राज्य गेलं! आजोबा सांगून गेलेत."

"आणि छप्पर कोसळलं की काय जातं, ते नाही सांगितलं?"

पंत एवढ्या जोरात खाकरले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. महाराजांचा हट्ट तर तुम्हाला ठाऊक नाही. एकदा आंबट आंब्याला गोड म्हणाले, तर अख्खी पाटी संपवून दाखवली होती! ते म्हणाले, "ऐक, पोरी. आठ दिवस देतो. पणजोबांचा एक दगडही टाकून द्यायचा नाही. गादी खाली उतरणार नाही, तिच्या वर कुणाचा पाय पडणार नाही, आणि छप्पर दुरुस्त झालं पाहिजे. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं, तर तो जन्मभर आत!"

 येसूच्या बापाला दम्याचा त्रास, आणि त्या कोठडीत ओल. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, मग गादीकडे पाहिलं.

"गादी खाली उतरवायची नाही, एवढंच ना सरकार?"

"एवढंच!"

"मग वर चढवा!"

"कुठे?"

"आढ्यावर! सगळ्यात उंच जागी गादी बसली, की आम्ही कुठेही पाय ठेवला तरी तो तिच्या खालीच!"

पंत टुणकन पुढे आले. "अगं, दिवसाउजेडी गादी रिकामी ठेवणं अशुभ असतं!"

"बरं आठवलंत, पंत. मग सरकारच बसतील तिच्यावर!"

पंतांनी जीभ चावली, पण ती आधीच बोलून बसली होती. हुकूम महाराजांचाच, मागे कसा घ्यायचा? परांची बांधली, दोरखंड लावले, आणि गादीसकट महाराज आढ्यावर! पहिला दिवस डोळे मिटून गेला. दुसऱ्या दिवशी एक डोळा उघडला. तिसऱ्या दिवशी ते वरूनच विचारायला लागले, "ए पोरी, दगडांना टिचक्या काय मारतेस?"

"बोलतात ते, सरकार. खणकन वाजला तो चांगला, भद्द वाजला तो तडकलेला. बहुतेक दगड धडधाकट आहेत. गंजलेत ते खिळे!"

तिने गंजलेले खिळे बदलले, तडकलेल्या दगडांचे तुकडे कापले आणि ते कडेच्या लहान जागांत बसवले. एकही वाया गेला नाही. पन्हळीचं शिसं लाकडी मोगरीने ठोकून सारखं केलं. आठव्या दिवशी सगळं झालं. उरलं फक्त गादीच्या बुडाखालचं दोन हात आढं!

"आता?" महाराज खूश झाले. "गादी खाली नेली, तर तुझा पाय तिच्या वर!"

"माझा पाय चालत नाही. पण तुमचा? तुम्ही तर रोज गादीवर पाय घेऊनच बसता. तेव्हा गादी बगलेत मारा आणि शिसं तुम्हीच ठोका!"

महाराजांनी मोगरी घेतली. येसूने खालून सांगितलं, "सरकार, कड दोन बोटं वळवा."

"राजाला शिकवतेस?" म्हणत त्यांनी कड सरळच ठोकली. अंगठाही ठोकला, पण ते कुणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी गादी जागेवर, दरबार भरलेला, आणि बाहेर पाऊस कोसळायला लागला. महालात मात्र सगळं कोरडं! येसूने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि...

टप! महाराजांचं नाक!

"गळलं! गळलं!" पंत नाचलेच. "बाप आत आहेच, आता लेकही आत!"

येसूने वर बोट केलं. "सरकार, थेंब कुठून आला?"

महाराजांनी मान वर केली. आढं. बरोबर मधलं.

"तिथलं शिसं कुणाच्या हातचं?"

सगळा दरबार आपापल्या पायांचे अंगठे न्याहाळायला लागला.

"आमच्या," महाराज पुटपुटले.

"आणि हुकूम काय होता?"

पंत सवयीने धडाधडा बोलून गेले, "ज्याच्या हातचं छप्पर गळेल, तो को..." पुढचं त्यांनी गिळलं.

येसूने हात जोडले. "मला काही घाई नाही, सरकार. पण कोठडी एकाच माणसापुरती आहे. तुम्हाला आत जायचं, तर आधी माझ्या बाला बाहेर काढावं लागेल!"

 मग महाराज असे खदखदून हसले की पगडी पंतांच्या पायांवर जाऊन पडली!

"सोडा रे लखबाला! आणि हे सोन्याचं कडं हिला! पंत, लिहून घ्या, आजपासून आमच्या डोक्यावर पाय द्यायचा मान येसूचा. जा पोरी, आत्ताच वर चढ, आणि ती कड दोन बोटं वळव!"