दुर्बिणीतला मोठा आरसा

वसुधाताईंनी पूर्वी कधीतरी घरी बनवलेल्या दुर्बिणीतून एके रात्री शनी पिठाच्या गोळ्यासारखा दिसू लागला. नळीच्या तळाशी बसलेला मोठा आरसा डोळ्याजवळच्या भिंगावर डाफरला, "तूच आंधळं. तुला बदलायलाच हवं."

भिंग म्हणालं, "आरसेबुवा, फोकससाठी पुढेमागे होऊन माझा जीव गेला. तुम्ही तर कलला नाहीत ना?"

"मी? माझ्या जागेवर पक्का बसलोय."

वसुधाताईंनाही भिंगाचाच दोष वाटला. त्यांनी ते उपसून भंगाराच्या डब्यावर धरलं. तेवढ्यात रिकाम्या भोकातून त्यांनी सहज आत पाहिलं. मोठ्या आरशात नळीतल्या छोट्या तिरप्या आरशाचं बिंब मधोमध नव्हतं, कडेला सरकलं होतं; म्हणजे मोठा आरसाच कलला होता. त्यांनी मोठ्या आरशामागचा स्क्रू जरासा पिळला आणि भिंग परत बसवलं. शनीभोवतीचं कडं स्वच्छ सुटं दिसलं.

"बघा," मोठा आरसा नळीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भिंगाला बाहेरचा रस्ता दाखवला, तेव्हा कुठे ते ताळ्यावर आलं."