लिथियमची गोळी

"ध्यानानं भागेल ना, बुवा? गोळी न घेता?"

मठाच्या पडवीत दुपारचं ऊन आलं होतं. भुजंगबुवा मांडीवर सूप घेऊन शेंगा सोलत बसले होते.

यशोधन वर्तक खगोलशास्त्रज्ञ. कॉलेजात असल्यापासून बुवांकडे यायचा, तो बहुतेक वाद घालायलाच. आज वाद नव्हता.

गेल्या महिन्यात नऊ दिवस त्याला झोप नव्हती. अख्खं विश्व आपल्याला उलगडलंय, असं वाटत होतं. नवव्या दिवशी सकाळी तो वेधशाळेच्या कठड्यावर चढला... बायकोने मागून शर्ट धरला, म्हणून वाचला.

डॉक्टरांनी मन ताळ्यावर राहावं म्हणून लिथियमच्या गोळ्या लिहून दिल्या. पाकीट अजून फोडलेलं नव्हतं.

ते पुन्हा होईल, ही भीती होतीच. गोळीने डोकं बोथट होईल, तारे नुसते ठिपके उरतील, ही भीती त्याहून मोठी. वर लाज. पंधरा वर्षं त्याने ताऱ्यांमधलं लिथियमच मोजलं होतं. आता तेच गिळून शहाणं राहायचं!

"ताऱ्यांत हे लिथियम किती असतं?" बुवांनी विचारलं.

यशोधन सांगू लागला, तसा त्याचा आवाज जरा सावरला. विश्वाच्या आरंभी थोडंसं तयार झालं. अगदी जुन्या ताऱ्यांत तेवढंही सापडत नाही. तारा आतून ढवळला की लिथियम खोल उष्णतेत ओढलं जातं आणि संपतं. तरीही आकाशगंगेत ते पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं. नव्या ताऱ्यांत जन्मतःच जास्त असतं.

"संपतं, तर वाढतं कसं?"

"विझलेल्या काही ताऱ्यांवर स्फोट होतात, त्यात नव्याने घडतं. बाहेर फेकलं जातं. पुढचे तारे त्याच वायूतून जन्मतात."

"म्हणजे नव्या ताऱ्यांना ते बाहेरून मिळालं."

"हो."

"लाजतात का रे ते?"

यशोधनचा हात खिशातल्या पाकिटावर गेला.

बुवा उठून आत गेले. ते अंगारा आणतील, असं यशोधनला वाटलं. मनातून त्याला तेच हवं होतं. बुवांनी पाण्याचं भांडं आणून समोर ठेवलं.

यशोधनने भांडं किंचित मागे सारलं.

"आणि मग मी मीच राहिलो नाही तर?"

"ते मला ठाऊक नाही."

मग यशोधनने पाकीट फोडलं. पहिल्या घोटाला गोळी उतरेना. दुसऱ्याला उतरली. तो डोळे मिटून बसून राहिला, काहीतरी तुटेल याची वाट बघत...

"भीती गेली नाही, बुवा."

बुवांनी शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"असू दे. उद्याची चुकवू नकोस."