मालक झालेले आगलावे

जन्मभर भाड्याच्या घरांत राहिलेले पुंडलिक आगलावे चिंचवडला एका फ्लॅटचे मालक झाले आणि ‘मालक’ अशी हाक ऐकायला आसुसले. हमीभाडं देणाऱ्या कंपनीच्या टायवाल्या साहेबाने ते बरोबर हेरलं.

“मालक, फ्लॅट आम्हीच भाड्याने घेतो. पुढे कुणी राहो न राहो, तुमचं भाडं पक्कं! करा सही.”

विरघळलेल्या आगलाव्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. पण मालक झाले तरी जीभ भाडेकरूचीच, सवयीने विचारून गेले, “डिपॉझिट किती?”

साहेब दुखावला. “एवढ्या मोठ्या कंपनीवर विश्वास नाही?”

“आहे की! माझ्यावरही प्रत्येक घरमालकाचा होता,” आगलावे टोपण लावत म्हणाले, “डिपॉझिट हातात पडल्यावर.”